मेट्रोला दोन-तीन परदेशी संस्थांचं कर्ज असेल तर दुकानदारांनी तक्रार कुणाकडे न्यायची? (ठाणे)

मंडळी नमस्कार,

वागळे इस्टेटमध्ये माझ्या मामांचं वेल्डिंगचं दुकान आहे. मध्यंतरी मोजणीवाले आले, शटरच्या कोपऱ्यात लाल रंगाने नंबर टाकला, फोटो काढला आणि पुढच्या गाळ्याकडे वळले. कशासाठी म्हणून विचारलं तर "नोटीस येईल" एवढंच. त्या रांगेतले बहुतेक जण भाडेकरू. कागद म्हणजे गुमास्ता आणि लाइट बिल. सगळ्यांना वाटतंय की हे रिंग मेट्रोसाठीच आहे, आणि कुणाला धड झोप नाही.

या मेट्रोला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. 29 किमी, 22 स्थानकं, खर्च सुमारे 12,200 कोटी. केंद्र आणि राज्य समान भांडवल घालणार आणि काही रक्कम परदेशी द्विपक्षीय संस्थांकडून (म्हणजे एकेका देशाच्या सरकारी कर्जसंस्थांकडून) कर्जाने येणार. परदेशी कर्ज देणाऱ्या संस्था बऱ्याचदा जोडीने येतात. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने 50 कोटी युरो दिले आणि फ्रान्सच्या एएफडी या सरकारी विकास संस्थेने 13 कोटी युरो. पुण्यात एएफडीच्या जोडीला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक होती.

मी जेवढं वाचलंय त्यावरून एकत्र कर्ज देण्याच्या दोन रीती दिसतात. एकीत सगळ्यांचा पैसा त्याच कामांवर ठरलेल्या प्रमाणात खर्च होतो आणि शक्यतो एकाच संस्थेचे नियम सगळे मानतात. दुसरीत कामं वाटून घेतात, एकीकडे डबे आणि सिग्नल, दुसरीकडे खांब आणि स्थानकं, आणि जिची तिची नियमावली वेगळी. देणाऱ्यांनी पद्धती जुळवून घ्याव्यात हे परदेशी मदतीबद्दलच्या 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यातच ठरलं होतं. सरकारी कचेरीचं काम त्याने हलकं होतं हे पटतं. पण गाळेवाल्याचं काय? आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचा (एआयआयबी) नियम असा की सहकर्जदात्याची नियमावली लागू केली असेल तर तक्रारही त्याच्याच यंत्रणेकडे जाते. म्हणजे एक दार बंद.

दार उघडं असलं तर काय होतं हे मुंबईने पाहिलंय. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पातल्या (एमयूटीपी) सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचे दुकानदार 2004 मध्ये पुनर्वसनाची तक्रार घेऊन बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे तक्रारी तपासणाऱ्या तिच्या स्वतंत्र समितीकडे गेले. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा काही महिने रोखून धरला. तिथे दाद कुणाकडे मागायची हे स्पष्ट होतं.

मला हवंय ते हे: कामं वाटून घेतलेली असताना गाळा स्थानकासाठी जात असेल, तर डब्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेकडे दाद मागता येते का? आणि कर्जाचा करार होण्याआधी आम्ही काय जमवून ठेवावं? पुनर्वसनाच्या कामात कुणी असाल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते आजच करण्यासारखं आहे. मोजणीच्या यादीची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि त्यात मामांचं नाव भाडेकरू म्हणून, धंद्यासकट लागलंय का ते बघा. यादीच्या कट-ऑफ तारखेनंतर नाव घुसवणं फार जड जातं. केएफडब्ल्यू काय, एएफडी काय, पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचेच निकष धरतात. त्यात जागेची मालकी नसली तरी बुडालेल्या धंद्याचा विचार करावा लागतो, त्यामुळे भाडेकरूंनी हातपाय गाळू नयेत. पहिली तक्रार प्रकल्पाच्या स्थानिक कक्षाकडे लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. वरच्या यंत्रणा पहिल्यांदा तीच मागतात.

धागाकर्ता
मनापासून आभार. उद्याच सगळ्या गाळेवाल्यांना बसवून अर्ज लिहितो. एक शंका: यादी मूळ मालकाच्या नावाने निघाली असेल, तर दुरुस्तीचा अर्ज भाडेकरू स्वतःच्या सहीने देऊ शकतो का, की मालकाची संमती जोडावी लागते? आमच्या रांगेत तिघांचे मालक गावी असतात, फोनही उचलत नाहीत.