कंबरदुखीसाठी शॉकवेव्ह थेरपी: कुणी घेतली आहे का?

आईची (वय ६१) कंबर वर्षभर दुखतेय. एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेचे खालचे मणके) थोडा डिस्क बल्ज, म्हणजे मधली गादी जराशी बाहेर फुगलेली, पण नस दबलेली नाही. पायात मुंग्या, बधिरपणा, ताप, लघवीची तक्रार यातलं काही नाही. अँजिओप्लास्टी झाल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, म्हणून पेनकिलर जपूनच. व्यायाम, शेक, टेन्स (सौम्य विद्युत लहरी देणारं मशीन), पट्टा सगळं करून झालं. चालताना त्रास कमी. पण दुसरी भाकरी थापेपर्यंत ओटा धरावा लागतो.

आता फिजिओथेरपिस्ट शॉकवेव्ह घ्या म्हणतात, तेही पॅकेजचे पैसे आगाऊ भरून. (यात दुखऱ्या जागी बाहेरून दाबाच्या लहरी देतात, विजेचा झटका नसतो, हे आईला पटवण्यातच एक संध्याकाळ गेली!) टाचदुखीसाठी, खांद्यात कॅल्शियम साठलं असेल तर ही वापरतात हे माहीत आहे. कंबरेसाठी पुरावा तेवढा भक्कम वाटत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवणार आहोत.

कंबरेवर कुणी घेतली असेल तर रेडियल (वरवर पसरणाऱ्या लहरी) की फोकस्ड (खोल एका जागी एकवटणाऱ्या)? आराम दोन-तीन महिन्यांनंतरही टिकला का? आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला होता का?