शब्दचर्चा: टिग वेल्डिंगमधला 'रस', 'टाका', 'प्रवाह' आणि 'निष्क्रिय'

शिकाऊ:
गॅरेजचा एक कोपरा मोकळा करून टिग वेल्डिंग शिकायला घेतलंय. टिग म्हणजे 'टंगस्टन इनर्ट गॅस': टंगस्टनच्या टोकाशी लागणारा विजेचा आर्क धातू वितळवतो आणि आर्गॉनसारखा वायू हवा दूर ठेवतो. शिकतो ते मराठीत टिपून ठेवायची सवय आहे आणि तिथेच गाडी अडते. 'पडल'ला, म्हणजे आर्कखाली वितळलेल्या धातूला, डबकं लिहावं तर पावसाळा आठवतो. 'करंट' आणि 'गॅस फ्लो' दोन्हींना कोश प्रवाहच म्हणतो, मग 'प्रवाह वाढवा' म्हणजे नेमकं काय वाढवायचं? मुळात वेल्डिंगलाच 'वितळजोडकाम' हा शब्द वाचला आणि हसू आलं. काम करताना तोंडात बसतील असे शब्द हवेत. मंडळी, सुचवा.

कोशवाचक:
वितळजोडकामाला हसू नका, शब्द लांब आहे पण नेमका आहे. झाळणं किंवा डाख देणं यात जोडायचे दोन तुकडे स्वतः वितळत नाहीत, फक्त मधला धातू वितळून त्यांना धरतो. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एक होतात. 'वितळ' हा शब्द नेमका तोच फरक सांगतो. आयटीआयच्या मराठी यादीत वेल्डरला 'संधाता' म्हणतात, तोही सांधा, संधी, संधान यांचाच भाऊबंद. मात्र 'जरा संधात्याला बोलाव' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

जुना वेल्डर:
मीही नाही ऐकलं, आणि प्रमाणपत्रावर माझा धंदा तोच लिहिलाय.

एक गोष्ट आधी सांगतो. वस्तूंची नावं आहेत तशीच ठेवा: टॉर्च, टंगस्टन, कप (टॉर्चचं गॅस सोडणारं तोंड), फिलर (सांध्यात भरायची धातूची सळी), रेग्युलेटर. दुकानात आणि खोक्यावर तीच दिसणार. मराठी लागते ती क्रियापदांना, आणि ती आपल्याकडे भरपूर आहेत. वेल्ड मारतात, आर्क लागतो किंवा तुटतो, फिलर देतात, पत्रा ओढला जातो, भोक पडतं, कड खाल्ली जाते. 'अंडरकट'ला शब्द शोधत बसायची गरजच नाही. 'वरच्या पत्र्याची कड खाल्ली' म्हटलं की समोरच्याला दिसतं.

टॅकला, म्हणजे तुकडे जागेवर धरायला आधी मारायच्या छोट्या वेल्डला, टाका. शिवणकामातलाच. पक्की शिवण घालण्याआधी कापड सरकू नये म्हणून कच्चे टाके घालतात, तसंच. दोन्ही टोकांना टाका मारल्याशिवाय लांब शिवण घ्यायची नाही, नाहीतर तापताना फट उघडते किंवा तुकडे एकमेकांवर चढतात.

शिकाऊ:
आणि पडल?

जुना वेल्डर:
रस. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडाला रसच म्हणतात, भट्टीतून 'रस काढला', साच्यात 'रस ओतला'. टिगला हा शब्द चपखल बसतो, कारण टिगमध्ये तुम्ही रसाकडे बघूनच काम करता.

काय बघायचं ते लिहितो. आर्क लावला की पत्र्यावर आधी नुसता लाल ठिपका दिसतो. तेव्हा फिलर देऊ नका, सळीचं टोक चिकटेल. मग ठिपक्याच्या मधोमध चकाकी येते, ती पसरते आणि तिला गोल कड येते. दोन तुकड्यांच्या सांध्यावर असाल तर दोन्हींकडचे थेंब एकमेकांत शिरून एकच गोल झाला का, ते बघा. झाला की रस धरला. आता फिलरचं टोक रसाच्या पुढच्या कडेला टेकवा आणि मागे घ्या, पण गॅसच्या आवरणाबाहेर काढू नका. बाहेर गेलं तर तापलेलं टोक हवेत काळवंडतं आणि तो मळ पुढच्या वेळी रसात जातो. टॉर्च थोडा पुढे, परत टेक. टॉर्च उभ्यापासून साधारण १५ ते २० अंश मागे कललेला, म्हणजे आर्क पुढे ढकलत जायचं. टंगस्टनचं टोक पत्र्यापासून दोन-तीन मिलिमीटर, त्याहून लांब नको.

कोशवाचक:
एक हरकत. रस हे द्रव्याचं नाव आहे, पडल हे आकाराचं. पडल लहान-मोठा होतो, त्याला रुंदी असते. 'रसाची रुंदी' कानाला खटकतं.

जुना वेल्डर:
खटकतं खरं. मग 'रसाचा गोल' लिहा, किंवा नुसता 'गोल'. 'गोल मोठा होतोय, पेडल सोड' असं म्हणता येतं, पेडल म्हणजे करंट कमी-जास्त करायचं पायातलं. डबकं मात्र नको. डबकं साचलेलं असतं, हा सतत सरकता पाहिजे.

भाषेची विद्यार्थिनी:
'बुडणे' हे क्रियापदही दोन अर्थांनी येतं ना? फिलर रसात बुडवायचा असतो आणि टंगस्टन बुडाला तर घोटाळा.

जुना वेल्डर:
म्हणून फिलर 'टेकवतो' आणि टंगस्टन 'बुडतो'. पहिलं आपण करतो, दुसरं होतं. बुडाला की तिथेच थांबायचं. टोकाला चिकटलेला धातू घासून काढायचा, आणि घासताना चरे टंगस्टनच्या लांबीच्या दिशेने पडले पाहिजेत. आडवे चरे पडले तर आर्क भरकटतो. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका. नवशिक्याने निळ्या किंवा सोनेरी पट्टीचा लँथनमवाला घ्यावा, तो डीसी आणि एसी दोन्हींवर चालतो.

भाषेची विद्यार्थिनी:
अवांतर: टंगस्टन हा स्वीडिश शब्द, अर्थ 'जड दगड'. जर्मनमध्ये त्याला वोल्फ्राम म्हणतात. रसायनशास्त्रातली त्याची W ही खूण त्या नावावरून आली आणि जर्मन लोक टिगला 'विग' म्हणतात. अमेरिकेत जुने लोक 'हेलिआर्क' म्हणायचे, कारण १९४०च्या सुमारास विमानाच्या कारखान्यात मॅग्नेशियम जोडायला ही पद्धत बसवली तेव्हा वायू हेलियम होता.

शिकाऊ:
आमच्या ओळखीचे सगळे 'आर्गॉन वेल्डिंग' म्हणतात. ते चालेल?

जुना वेल्डर:
बोलायला चालेल, बाटली घ्यायला नाही. मिग वेल्डिंगलाही, म्हणजे जिथे फिलरची तार टॉर्चमधूनच येते तिथेही, आर्गॉन लागतो, पण लोखंडासाठी त्यात बहुधा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. 'वेल्डिंगचा आर्गॉन द्या' म्हटलं आणि ती मिश्रणाची बाटली गळ्यात पडली, तर टिगमध्ये टंगस्टनचं टोक जळून जातं आणि शिवण काजळते. मग माणूस हाताला दोष देत बसतो. शुद्ध आर्गॉन असं स्पष्ट मागा आणि बाटलीवर वाचून घ्या.

'प्रवाह' वहीतून काढून टाका. विजेला करंट, वायूला गॅस. करंट अँपिअरमध्ये, गॅस मिनिटाला लिटरमध्ये. लोखंडी पत्र्याला मिलिमीटरमागे ४० अँपिअर धरून सुरुवात करा आणि पेडलने कमी करा. गॅस ७ ते १० लिटर बहुतेक कामाला पुरतो. शिवणीत छिद्रं पडली की नवा माणूस गॅस वाढवत सुटतो, पण फार वाढवला तर तो कपातून घुसळत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. छिद्रं आणखी वाढतात. आधी पंखा बंद आहे का, पत्रा स्वच्छ आहे का, ते बघा.

कोशवाचक:
'इनर्ट'बद्दल कुणी बोललं नाही. शाळेच्या पुस्तकात या वायूंना निष्क्रिय वायू म्हणतात, राजवायूही म्हणतात. गंमत अशी की खुद्द आर्गॉनचं नाव ग्रीक 'आळशी'वरून आलंय. १८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांना तो हवेत सापडला. कशाशीच संयोग पावेना, म्हणून हे नाव. म्हणजे एकच वायू राजाही आणि आळशीही.

जुना वेल्डर:
निष्क्रिय ठीक आहे, पण वहीत त्याच्यासमोर 'निरुपद्रवी नव्हे' असं ठळक लिहा. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे, वास नाही, रंग नाही. गाडीखालच्या खड्ड्यात किंवा बंद खोलीत साचला तर प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला कळायच्या आत भोवळ येते. दार थोडं उघडं ठेवा, कामावर थेट झोत येणार नाही इतपत. बाटली साखळीने बांधा.

'क्लीनर' या शब्दानेही फसू नका. पत्रा पुसायला ॲसिटोन घ्या आणि तो उडून जाऊ द्या. ब्रेक साफ करायचे काही फवारे क्लोरीनयुक्त असतात. आर्कजवळ त्यांच्यापासून फॉस्जीन तयार होतो, आणि तो जिवावर बेततो. गॅरेजमध्ये असा डबा हमखास असतोच.

अर्थवाला:
'अर्थिंग' राहिलं. पत्र्याला लावायच्या चिमट्याला सगळे अर्थिंग म्हणतात, तो अर्थिंग नाही. तो करंटचा परतीचा रस्ता आहे. मशीनचं खरं अर्थिंग भिंतीतल्या सॉकेटमधून येतं. चिमटा लावला म्हणून अर्थिंग झालं असं समजणं म्हणजे शब्दशः अर्थाचा अनर्थ. 'परतीचा चिमटा' म्हणा.

शिकाऊ:
लिहून घेतलं. ॲल्युमिनियमवर जो थर असतो त्याला गंज म्हणावं का?

कोशवाचक:
नको, गंज म्हटलं की लोखंड डोळ्यासमोर येतं. पापुद्रा म्हणा.

जुना वेल्डर:
पापुद्रा छान. धातू ६६० अंशांना वितळतो आणि पापुद्रा २,००० च्याही वर, म्हणून आत रस झाला तरी वरून काही दिसत नाही आणि अचानक सगळं खाली गळून पडतं. एसी लावायचा तो हा पापुद्रा फोडायला. पण तुम्ही आधी लोखंडच करा, डीसीवर, टंगस्टन ऋण बाजूला. ॲल्युमिनियमची घाई नको.

शिकाऊ:
शेवटचे दोन. 'पोस्ट-फ्लो' आणि 'गॅस लेन्स'.

जुना वेल्डर:
पोस्ट-फ्लोला 'मागचा गॅस'. आर्क विझला तरी टॉर्च तिथेच धरायचा, दर १० अँपिअरला एक सेकंद या हिशोबाने. टंगस्टन चकचकीत राहिला तर पुरला, निळा-काळा पडला तर कमी पडला.

गॅस लेन्सला गॅस लेन्सच म्हणा. ती कपाच्या आतली बारीक जाळी आहे, गॅस सरळ सोडणारी. 'वायुभिंग' लिहिलंत तर कुणीतरी काच शोधत बसेल.