मदत हवी आहे: मोरचुदाचा रंग जातो आणि परत येतो, मग बदल भौतिक की रासायनिक?

मंडळी, सातवीतल्या लेकीने मला पुरतं कोंडीत पकडलंय. मी कॉमर्सवाला, विज्ञान दहावीलाच सुटलं. तरी हौसेने शिकवायला बसलो आणि लहानपणी पाठ केलेलं वाक्य तिला दिलं: पूर्ववत होतो तो भौतिक बदल, होत नाही तो रासायनिक. बर्फाचं पाणी, पाण्याचा पुन्हा बर्फ. कागदाची राख, पण राखेचा कागद नाही. मला वाटलं, संपला धडा.

"बाबा, फुटलेली काच कुठे पूर्ववत होते? मग तो रासायनिक बदल?"

काच वितळवून पुन्हा ओतता येते वगैरे काहीतरी ठोकून दिलं. पण परवा शाळेत त्यांना मोरचूद तापवून दाखवला. निळे खडे पांढरे पडले, गार झाल्यावर दोन थेंब पाणी टाकलं तर पुन्हा निळे! आणि वहीत लिहून दिलंय 'रासायनिक बदल'. लेक म्हणते, एक तर तू चुकतोयस नाहीतर वही. शिवाय मीठ पाण्यात दिसेनासं होतं तो कोणता बदल, आणि मेणबत्तीचं काय, हेही तिला हवंय. रविवारपर्यंत कोणीतरी सोडवा.

प्रतिसाद १

वही बरोबर आहे. तुमचं वाक्य मात्र टाकून द्या, आम्हालाही शाळेत ते वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं. पूर्ववत होतो की नाही हा प्रश्नच नाही. विचारायचं एवढंच: नवा पदार्थ तयार झाला का? काच फुटली तरी तुकडा काचेचाच, म्हणून भौतिक.

मोरचुदाच्या खड्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे 5 रेणू बांधलेले असतात. 25 ग्रॅम मोरचूद पूर्ण तापवला तर साधारण 9 ग्रॅम पाणी निघून जातं आणि 16 ग्रॅम पांढरी पूड उरते. ते पाणी परीक्षानळीच्या तोंडाशी थेंब-थेंब जमतं, लेकीला आठवत असेल. म्हणूनच नळीचं तोंड थोडं खाली झुकवून धरतात, नाहीतर थेंब मागे ओघळून तापलेली काच तडकते. पांढऱ्या पुडीवर पाणी पडलं की नळी हाताला गरम लागते. ते पाणी नुसतं भिजवत नाही, पुन्हा बांधलं जातं. पदार्थ बदलला आणि उलटा बदलून परत आला. रासायनिक बदलही उलटवता येतात. (मोरचूद विषारी आहे, हा प्रयोग घरी नको.)

मीठ शाळेत 'भौतिक' लिहावं. सोडिअम आणि क्लोराइडचे आयन (म्हणजे विद्युतभार असलेले कण) खड्यात आधीपासून असतातच, पाण्यात ते फक्त सुटे होतात. पाणी आटवा, मीठ हजर.

प्रतिसाद २

उष्णता किंवा प्रकाश बाहेर पडला की रासायनिक, असंही पढवतात. तेही धरू नका. जुन्या पद्धतीच्या बल्बची तार लख्ख पेटते, बटण बंद केलं की तीच टंगस्टनची तार. जळलं काहीच नाही.

प्रतिसाद ३

मेणबत्तीत दोन्ही बदल एकाच वेळी चालतात, म्हणून तर मायकेल फॅरेडेने 1860-61 च्या नाताळात लंडनला मुलांसाठी अख्खी व्याख्यानमाला तिच्यावरच दिली. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते: इथवर भौतिक. जळते ती वाफ, आणि तिच्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं: हा रासायनिक. लेकीला दाखवायचं असेल तर मेणबत्ती फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ निघते, वातीच्या जरा वर त्या रेघेला जळती काडी लावा. ज्योत रेघेवरून उडी मारून वातीवर येते. तो धूर म्हणजे मेणाची वाफच, गार होऊन बारीक कणांत थिजायला लागलेली. खिडकी आणि पंखा बंद ठेवा, आणि काडी तुम्हीच धरा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मेणबत्ती चार वेळा फसली, पंखा चालू होता. पाचव्यांदा ज्योत खाली उतरली तेव्हा लेकीपेक्षा मीच जास्त ओरडलो. माझं वाक्य तिने वहीतून रीतसर खोडलंय. आता नवीन: खिळा गंजला की त्याचं वजन कमी होतं की वाढतं? मी 'कमी' म्हणालो, झिजतो ना तो.

प्रतिसाद १

वाढतं. लोखंडाला हवेतला ऑक्सिजन आणि पाणी येऊन चिकटतं, तोच गंज. पापुद्रे गळून पडतात म्हणून खिळा हलका वाटतो. गळालेला गंजही त्याच्यासोबत तोलायला सांगा.