मदत हवी आहे: डीटीटी घालूनही बीएसएचा डायमर बँड जात नाहीये

नाशिकला एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतोय, प्रोजेक्टसाठी बीएसएचं (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) एसडीएस-पेज (प्रोटीन आकारानुसार जेलवर वेगळी करणं) चाललंय. बीएसएत 17 डायसल्फाइड बंध (सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन सल्फरमधले) आणि 34 नंबरचं एक सिस्टीन मोकळं, त्यामुळे रिड्यूस न करता (हे बंध न तोडता) 130 केडीएच्या (किलोडाल्टन, रेणूचं वजन) आसपास डायमर (दोन रेणू जोडलेले) दिसणारच, ते ठीक. पण रिड्यूस केलेल्या लेनमध्येही 66 केडीएच्या मुख्य बँडच्या वरती, त्या 130 च्या जागीच, फिकट बँड राहतोच. बीएमई (बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, हे बंध तोडणारं रसायन) 5 टक्के वापरून पाहिलं, मग त्याच कामाचं ताजं डीटीटी 100 मिलीमोलर, 95 अंशाला 5 मिनिटं उकळून, सॅम्पल कमी लोड करून, दोन्ही प्रकारच्या लेनमध्ये रिकाम्या लेन सोडून म्हणजे डीटीटी शेजारी पसरायला नको, तरी तेच. मेथिओनिनच्या सल्फरवर संशय नाही, तो असा बंध करतच नाही.

मला वाटतं जेल चालताना सिस्टीन परत ऑक्सिडाइज होत असावेत. मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन) आमच्याकडे नाही, आयोडोअॅसिटामाइड (मोकळ्या सिस्टीनला चिकटून ते परत जुळू न देणारं) आहे पण अगदी थोडं, नवीन मागवलं तर सबमिशनआधी हातात पडणार नाही. म्हणून डीटीटी 10 मिलीमोलरवर आणून, सॅम्पल थंड करून, अंधारात 25 मिलीमोलर आयोडोअॅसिटामाइड घातलं तर पुरेल का? आणि त्यानंतरही बँड राहिला तर तो डायसल्फाइडचा नाही असं खात्रीने म्हणता येईल का?