मदत हवी आहे: डाळ मिलची उधारी ७५ दिवसांवर, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) अपुरी पडते

राम राम मंडळी. जळगावात तुरीची डाळ मिल आहे. तूर रोखीने घ्यावी लागते. तेल-पाणी देऊन वाळवणीत तीन-चार दिवस जातात, पावसाळ्यात जास्तच. चुनी (डाळीचा चुरा) लगेच विकली जाते, पण फटका डाळीचे (साफ केलेल्या तयार डाळीचे) पैसे ७५ दिवसांनी.

महिन्याची विक्री ४० लाख, म्हणजे उधारीतच १ कोटी अडकले. बँकेने ४.८ कोटींच्या उलाढालीवर २० टक्क्यांनी ९६ लाखांची सीसी दिली. त्यातही ९० दिवसांपुढची उधारी स्टॉक स्टेटमेंटमधून (बँकेला द्यायच्या माल-उधारीच्या हिशोबातून) वगळतात. एका व्यापाऱ्याने पैसे लांबवले की पैसे काढायची मर्यादा घसरते, नेमकी नवी तूर बाजारात येते तेव्हाच.

उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योग नोंदणी) 'उत्पादक' म्हणून आहे. अशा उद्योगाचे पैसे ग्राहकाने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, हे माहीत आहे. मुदत चुकली की आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१च्या कायद्यात ४३बी(एच)) ग्राहकाला त्या खर्चाची वजावट पैसे देईल त्याच वर्षी मिळते. पण बिलावर उद्यम नंबर टाकला की घाऊकवाले म्हणतात, "मग दुसरीकडून घेतो." ट्रेड्सची (बिलांवर लगेच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेची) सक्ती २५० कोटींवर उलाढाल असलेल्या खरेदीदार कंपन्यांना, आपले ग्राहक त्यात बसत नाहीत.

विचारायचं असं:
४५ दिवसांत पैसे देणाऱ्याला किती टक्के कटौती परवडते? दीड टक्का दिला तर नफा उरतो का?
'समाधान'वर (लघुउद्योगांच्या थकीत पैशांच्या सरकारी पोर्टलवर) तक्रार केल्यावर ग्राहक टिकला, असं कुणाचं झालंय का?
गोदाम पावतीवर (गोदामात ठेवलेल्या मालाच्या तारणावर) तुरीसाठी कर्ज घेतलेल्यांनी मार्जिन (स्वतःचा किती टक्के वाटा घालावा लागतो) आणि गोदाम भाड्याचा खर्च सांगावा.