रक्त ही ऊती कशी? आणि गुहा गच्च भरलेली असेल तर ती गुहा कशी?

वेचणीवाली
नमस्कार. गाव घाटंजी तालुक्यात, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता नागपूरला जीएनएमचं (नर्सिंगचं) पहिलं वर्ष. ॲनाटॉमीचे पहिले धडे इंग्रजीतून झाले. डोक्यात थोडं शिरलं, बरंचसं वरून गेलं. दिवाळीच्या सुटीत घरी आले तर कापसाची वेचणी सुरू. दिवसा वावरात, रात्री वही घेऊन बसते.

पेशी, ऊती (सारख्या पेशींचा गट), अवयव, संस्था ही उतरंड कळली. चार ऊतीही पाठ आहेत: अभिस्तर (अस्तराची), संयोजी (जोडणारी), स्नायू, चेता (मज्जातंतूंची). पण रक्ताला संयोजीत काहून घातलं? हाड, कूर्चा (नाकाच्या शेंड्यात असतो तसा लवचीक भाग), स्नायुबंध जोडतात हे पटतं. रक्त तर नुसतं वाहतं, ते कोणाला कशाला जोडतं? वर्गात विचारलं तर पुस्तकात तसंच दिलंय, लिहून घ्या, एवढंच उत्तर आलं.

दुसरं, वक्षगुहा आणि उदरगुहा. गुहा म्हणजे पोकळ जागा ना? चित्रात तर फुप्फुसं, यकृत, आतडी ठासून भरलेली. मग पोकळी राहिली कुठं?

रक्ताचं मला मार्कांपुरतं नको, नीट समजून घ्यायचंय. धाकटा भाऊ सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. थंडी पडली की रात्र रात्र हातपाय धरून बसतो.

जुना लॅबवाला
बेटा, 31 वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून रक्ताचं मीच सांगतो.

आधी पेशी. पऱ्हाटीतून आलीस की ओढणीला चिकटलेल्या कापसाचा एकच तंतू सोडव आणि उजेडाकडे धर. तो अख्खा तंतू म्हणजे एक पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत इंचभर लांब होते. बोंड फुटलं की आतला जीवरस वाळतो, उरते नुसती भिंत, बहुतेक सगळी सेल्युलोजची. रॉबर्ट हूकनं 1665 साली बुचाच्या कापात जी खोकी पाहिली, त्याही अशाच मेलेल्या पेशींच्या भिंती. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, पातळ पटल असतं. तांबडी पेशी तर एवढी लहान, की एका मिलिमीटरात ओळीनं सव्वाशेच्या वर बसतात.

आता ‘संयोजी’ या शब्दावर अडू नको. पेशींच्या मधे काय आहे ते बघ. अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना खेटून असतात, मधे जागाच नाही. म्हणून तर तिचं अस्तर होतं, कातडीवर, आतड्याच्या आतून. संयोजी ऊतीत पेशी लांब लांब, मधे भरपूर आधारक, म्हणजे पेशींच्या मधलं भरण. हाडात तो क्षारांनी टणक झालेला, कूर्चेत लवचीक, रक्तात पातळ. रक्तातला आधारक म्हणजे रक्तद्रव, रक्ताचा साधारण 55 टक्के भाग. शिवाय हाड काय, रक्त काय, गर्भात दोन्ही मुख्यतः मध्यस्तरातून, म्हणजे गर्भाच्या मधल्या थरातून घडतात.

संयोजी ऊतीत धागे असतात असंही वाचलं असशील. रक्तात ते विरघळलेले असतात. रक्त गोठण्याची वेळ बघताना आम्ही काचपट्टीवर थेंब घ्यायचो आणि दर अर्ध्या मिनिटाला सुईच्या टोकानं तो जरा उचलून बघायचो. चार-पाच वेळा सुई नुसतीच ओली होऊन येते. मग एकदा सुईमागं थेंबातून केसाहून बारीक तार ओढली जाते. तिथं घड्याळाकडं बघायचं. ती तार फायब्रिनची, विरघळलेला धागा तो हाच. एकदा हातानं करून बघितलंस की रक्त ही ऊती आहे हे पाठ करावं लागत नाही.

भावाचं. तांबडी पेशी 120 दिवसांच्या आसपास जगते, सिकलची 10 ते 20 दिवस. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं, एवढाच फरक. प्राणवायू कमी पडला की त्या हिमोग्लोबिनच्या लांब काड्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. थंडीत वाहिन्या आकसतात, मग आणखीच अडकतात. त्याचं हाड ठणकतं ते यानं. ज्या अस्थिमज्जेनं रक्त बनवायचं, तिलाच रक्त पोचत नाही. पाणी सारखं पाजत जा, ऊब दे, आणि फॉलिक ॲसिडची गोळी चुकू देऊ नको. सारख्या नव्या पेशी घडवायच्या तर ते लागतंच. ताप आला किंवा छातीत दुखलं तर घरी थांबू नका, सरळ दवाखाना.

धारणीची सिस्टर
लॅबवाल्या काकांनी रक्ताचं सांगितलं, मी गुहेचं सांगते. प्रश्न बरोबर आहे तुझा, मलाही पहिल्या वर्षी हाच पडला होता.

आमच्याकडं एक आजोबा आले होते. आडवं झालं की दम लागे, म्हणून बसूनच झोपत. डॉक्टरांनी पाठीवर बोटानं ठोकलं. डावीकडं रिकाम्या डब्यासारखा आवाज, उजवीकडं धान्य भरलेल्या डब्यासारखा. मग बरगडीच्या वरच्या काठाला धरून सुई घातली, कारण खालच्या काठाला शीर, धमनी आणि चेता असतात. फिकट पिवळं पाणी आलं, लिटरभर. टीबीचं निघालं. आजोबा म्हणाले, एवढं पाणी होतं कुठं, सिस्टर?

ते फुप्फुसात नव्हतं, फुप्फुसावरणाच्या दोन पदरांमधे होतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीत चमचाभर पाणी घाल, हवा काढून तोंड घट्ट बांध आणि बाहेरून मूठ दाब. पिशवीचा एक पदर मुठीला चिकटला, दुसरा बाहेर राहिला, मधे ओल. मूठ पिशवीत शिरलेलीच नाही! फुप्फुस असंच. ते वक्षगुहेत आहे, पण फुप्फुसावरणाच्या पोकळीत नाही. निरोगी माणसात त्या पोकळीत काही मिलिलिटर ओल असते, श्वासागणिक पदर एकमेकांवरून सरकावेत म्हणून. जागा असते, उघडलेली नसते. पाणी, पू, रक्त किंवा हवा शिरली की उघडते. हृदयाला असंच आवरण, पोटाला पेरिटोनियम.

वडकीचा मास्तर
एक भर. गावात बोकड कापतात तेव्हा फुप्फुस आणि कलेजीच्या मधला मांसाचा पातळ पडदा बघ, कडेला मांसल, मधे पांढरट. ते श्वासपटल. वर वक्षगुहा, खाली उदरगुहा. उदर आणि श्रोणी (ओटीपोटाची जागा) यांच्या मधे मात्र असा पडदा नाही, ती एकच सलग जागा आहे. पाठीकडच्या दोन गुहा याहून वेगळ्या, मेंदूची आणि मज्जारज्जूची.

वेचणीवाली
ताई, पिशवीचं भावाला घेऊन केलं. तीन वेळा मूठ दाबली त्यानं. काका, तंतू वहीत चिकटवून ठेवलाय. गोळीचं कारण त्याला पहिल्यांदाच कोणी सांगितलं, आता डबी त्यानं स्वतःच्या उशाशी ठेवलीय.

अजून एक. मूत्रपिंडं पेरिटोनियमच्या मागं असतात असं वहीत आहे. म्हणजे मूठ पिशवीत नीट दाबलीच नाही, असं?

धारणीची सिस्टर
हो, तसंच. पिशवी भिंतीला लावलेली आणि मूत्रपिंड पिशवी नि भिंत यांच्या मधे. महाधमनी, मूत्रवाहिन्या आणि स्वादुपिंडाचा बराचसा भागही तिथंच. म्हणून मूतखड्याची कळ कमरेतून उठते.