सांगलीहून इमॅजिका: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई, चार वर्षांची मुलगी आणि राइडवेडा मुलगा. कसं जमवायचं?

कृष्णाकाठची, सांगली

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं घाटतंय. आठ जण आहोत. आम्ही दोघं, थोरला अकरा वर्षांचा, धाकटी चारची, सासूबाई, आणि कराडहून नणंद, त्यांचे मिस्टर आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी.

सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय. चालतात, पण सलग नाही. घरात दोन मतं आहेत. आमचे हे म्हणतात, पहाटे दोनला निघू, दिवसभर खेळू, रात्री परत फिरू, मुक्कामाचा खर्च वाचेल. नणंदबाईंचं म्हणणं, आईंना एवढी दगदग कशाला, त्यांना घरीच राहू दे. सासूबाई स्वतः काहीच बोलत नाहीत. पण परवा त्यांनी कपाटातले बूट काढून, ओल्या फडक्यानं पुसून, खिडकीत वाळत ठेवलेले मी पाहिले. त्यांना यायचंय.

थोरल्याला तिथल्या नायट्रो या उलट्यापालट्या फिरणाऱ्या रोलर कोस्टरशिवाय दुसरं काही सुचत नाही. धाकटी मोठ्या आवाजाला घाबरते, गणपतीत ताशा सुरू झाला की माझ्या पोटात तोंड खुपसते. वॉटर पार्कही त्याच दिवशी उरकावं का? डबा न्यावा का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगा.

ट्रॅव्हलरवाला, सातारा

ताई, माझी स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. सुट्ट्यांत निम्मी भाडी तिकडचीच असतात. लोकांना सकाळी गेटवर सोडतो, संध्याकाळी परत घेतो, त्यामुळं दोन्ही वेळचे चेहरे बघायला मिळतात. घरच्यांनाही नेलंय. म्हणून जरा लांबलचक लिहितो, रागावू नका.

आधी ते पहाटे दोनचं डोक्यातून काढा. सांगली ते खोपोली तीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पेठ नाक्यावरून हायवेला लागलात की कराड, सातारा पटापट मागं पडतात, पण पुण्यात नवले पुलापासून पुढं किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. सहा तास धरा, सुट्टीत जास्तच. जाताना माणूस उत्साहात असतो, निभावून नेतो. मला काळजी वाटते ती परतीची. दिवसभर उन्हात रांगेत उभा राहिलेला माणूस रात्री स्टेअरिंगवर बसतो, मागं सगळे गाढ झोपलेले, बोलायला कुणी नाही आणि समोर अजून सहा तास. मी धंद्यानं ड्रायव्हर आहे, दुपारभर गाडीत झोप काढतो, तरी त्या वेळी मला पुण्याच्या अलीकडं चहाला थांबावंच लागतं. दादांना माझा निरोप द्या, मुक्कामाचे पैसे इथं वाचवायचे नसतात.

आदल्या दिवशी सकाळी जेवणाचा डबा घेऊन आरामात निघा. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, दही असं घ्या, दोन दिवस टिकणारं काहीतरी सोबत ठेवा. बाहेरचं खाणं पार्कात नेता येत नाही, त्यामुळं डबा प्रवासापुरताच. मुक्काम लोणावळ्याला करण्यापेक्षा घाट उतरून खोपोलीच्या बाजूला करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी घाटात गाड्या अडकल्या की तुमचे सगळ्यात मोलाचे दोन तास तिथंच जातात. पार्काला लागूनही मोठं हॉटेल आहे, पण ते महाग. खोपोलीत साध्या खोल्या मिळतात.

संध्याकाळी लवकर पोचलात तर महडच्या वरदविनायकाला जाऊन या, खोपोलीपासून जवळ आहे. अष्टविनायकातला गणपती, तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात. आईंना तेवढ्यासाठी तरी यावंसं वाटेल. फक्त मोबाईलच्या नकाशात नीट बघून निवडा, महाड निवडलंत तर गाडी गोवा हायवेला रायगडाच्या पायथ्याशी जाईल. पालीचा बल्लाळेश्वरही त्याच बाजूला आहे, पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. पण पाली परतीच्या दिवशी ठेवा.

आता आईंचं. त्यांना न्याच. घरी ठेवायचं कारण गुडघा असेल तर त्याला उपाय आहेत. तिकीट काढतानाच फोन करून व्हीलचेअरची सोय विचारून ठेवा. त्या नको म्हणतील, तरी ठेवा. सकाळी सगळेच चालतात, दुपारी तीनला फरक कळतो. माझ्या आईला नेलं तेव्हा तिनं बसून बघायचे खेळ बघितले. आय फॉर इंडिया म्हणून एक आहे, मोठ्या पडद्यासमोर खुर्चीत बसवतात आणि देशभरातून उडत नेल्यासारखं वाटतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, परत जाता येतं का. फक्त प्रत्येक राइडच्या दाराशी पाटी असते, हृदय, बीपी, पाठ, मणका, गरोदरपण यांबद्दल सूचना असतात, ती वाचा. गुडघ्याचं डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, कशात बसायचं आणि कशात नाही.

सकाळचं असं करा. गेट उघडलं की बहुतेक मंडळी शिरल्या शिरल्या पहिल्या दिसेल त्या रांगेत उभी राहतात. तुम्ही दोन गट करा. थोरला, पंधराची आणि दोघे बाप्ये सरळ नायट्रोकडं. त्यात पायाखाली तळच नसतो, पाय लोंबकळतात, तेव्हा चपला असतील तर काढाव्या लागतात, मागं पट्टा असलेली सँडल किंवा बूटच घाला. चष्म्याला दोरी लावा. सकाळी तिथली रांग सगळ्यात छोटी असते, बाराच्या पुढं बघवत नाही. तुम्ही, नणंदबाई, आई आणि धाकटी फिरत्या घोड्यांकडं आणि लहान मुलांच्या खेळांकडं. जेवण बाराच्या आतच उरका. एक वाजता जेवायला जाणारा माणूस रांगेत नुसताच पोट धरून उभा राहतो.

दुपारी सावलीतलं, एसीतलं काय असेल ते बघा. घाटाखाली डिसेंबरातही दुपारी अंग चिकचिकतं, आपल्याकडची कोरडी हवा तिथं नाही. सलीमगढ अंधारातलं, भुताखेतांचं आहे, धाकटीला चुकूनही नेऊ नका. राजासॉरसची बोटीची राइड आहे, शेवटी बोट खाली येते आणि सगळे भिजतात. ती ऊन असतानाच करा, डिसेंबरात संध्याकाळी ओल्या कपड्यांनी मुलं कुडकुडतात. थोरल्याला जाताना गाडीत सांगा की राजासॉरस नावाचा डायनासोर खरंच होता, गुजरातेत नर्मदेच्या भागात त्याची हाडं सापडली, २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं. मुलं मग त्या राइडकडं वेगळ्याच नजरेनं बघतात.

वॉटर पार्क त्याच दिवशी नको. त्याचं तिकीटही वेगळं असतं आणि दोन्हीत धावपळ करून एकातही मन भरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आज रात्रीच दोन्ही मुलांची उंची मोजा. अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून, पेन्सिलीनं खूण करा. लहानांचं तिकीटही तिथं वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि प्रत्येक राइडला कमीत कमी उंची लागते. मागच्या मे महिन्यात माझ्या गाडीतल्या एका मुलाचं बघितलं. अर्धा तास रांगेत उभा होता. दारातल्या माणसानं त्याच्या डोक्यावर तळहात सपाट धरला आणि मापाच्या पट्टीकडं नेला. पोरगं टाचा उचलायला लागलं. त्या माणसानं खाली वाकून, हसत त्याच्या टाचा जमिनीला टेकवल्या आणि मान हलवली. ते पोरगं रडलं नाही, गप्प झालं, आणि संध्याकाळपर्यंत गप्पच राहिलं. बापानं सकाळी दोन मिनिटं काढून घरीच मोजलं असतं तर त्याचं मन आधीच दुसऱ्या कशात तरी रमवता आलं असतं.

बालवाडीची बाई, मिरज

ट्रॅव्हलरवाल्या दादांनी फार नेमकं लिहिलंय. एकच ठिकाणी मला वेगळं वाटतं. आत शिरल्या शिरल्या दोन गट करू नका. चार वर्षांच्या मुलीला घाबरवतो तो नुसता आवाज नाही. अनोळखी जागी दादा दिसेनासा होतो, बाबाही नसतात, आणि वरून कुणाच्या तरी किंकाळ्या येतात. पहिली राइड सगळ्यांनी मिळून करा, साधी, हळू चालणारी. दादा शेजारी बसला की तीही बसते. अर्धा तास तिला द्या, मग मोठी मंडळी पळू देत.

आणि बसायला लावण्याआधी तिला बाहेर पडणारी माणसं दाखवा. राइडच्या बाहेर येणाऱ्या दाराशी पाच मिनिटं उभं राहायचं. हसत येणारी मुलं दिसली की तिची भीती उतरते. नाही उतरली तर हट्ट करू नका. "अगं काही होत नाही" असं म्हणून उचलून बसवलेलं मूल पुढच्या राइडला तुमचा हात सोडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

कानाला मफलर किंवा कानटोपी घेऊन जा, डिसेंबरात सकाळी लागेलही. हरवण्याची भीती असेल तर बाहीच्या आत, दंडावर तुमचा मोबाईल नंबर बॉलपेननं लिहा. गळ्यातल्या कार्डावर उघडा नंबर नको. दुपारी ती झोपेला येईल, त्या वेळी कुणी तरी एकानं तिच्याजवळ बसायचं हे आधीच ठरवून ठेवा, नाही तर ते काम न सांगता सासूबाईंवरच येतं. त्यांनाही काही तरी बघायचं असेल.

पुढं कधी वॉटर पार्क केलंत तर सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. तिथं भाड्यानं मिळतात, पण लहान मुलींच्या मापाचे घरूनच न्या.

कराडकर

नाताळ ते एकतीस डिसेंबर सोडून दुसरे कुठलेही दिवस घ्या. मुंबई, पुणे, गुजरात सगळं तिथं लोटतं. संक्रांतीनंतरचा मंगळवार-बुधवार बघा, मुलांची एखाद-दुसऱ्या दिवसाची शाळा बुडेल. तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी बराच खाली येतो. रांग चुकवणारं जास्त पैशांचं तिकीट असतं, ते गर्दीच्या दिवशीच परवडतं. मोकळ्या दिवशी आठ जणांचे तेवढे पैसे घालवायची गरज नाही. एक सांगतो, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलीही येतात, त्यामुळं बुकिंगच्या वेळी फोनवर त्या दिवशी सहली किती आहेत ते विचारा.

कृष्णाकाठची, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दादांनी सांगितल्याप्रमाणे उंची मोजली. थोरला साइटवरच्या नायट्रोच्या मापात जेमतेम बसतोय. तारीख जानेवारीवर ढकलली, ह्यांनी मुक्कामाला होकार दिला. महडचं सांगितल्यावर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या, म्हणाल्या, खोली खालच्या मजल्यावरची घ्या.

बाई, तुमचं अर्ध्या तासाचं पटलं, तसंच करू. ट्रॅव्हलरवाले दादा, दोन शंका आहेत. थोरल्याला तिथं कुणी नाही म्हणालं तर काय करायचं? आणि धाकटीला घाटात उलट्या होतात.

ट्रॅव्हलरवाला, सातारा

ताई, नाही म्हणाला तर वाद घालू नका, आणि दादांनाही घालू देऊ नका. खांद्यावरून येणारी ती पकड अंगाला घट्ट बसावी लागते. अंग लहान असेल तर गाडी उलटी झाल्यावर शरीर आतल्या आत सरकतं, म्हणून ते माप ठरवलेलं असतं. आजच त्याला बसवून सांगा, माप काठावर आहे, होईल किंवा होणार नाही. नाही झालं तर दुसरं काय करायचं ते त्यालाच निवडू दे, साइटवर प्रत्येक राइडचं माप दिलेलं असतं, दोघांनी मिळून वहीत यादी करा. बाईंचं म्हणणं मलाही पटलं, पहिली राइड एकत्रच करा.

उलटीच्या गोळीचं माप तुमच्या बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून विचारा, मोठ्यांची अर्धी करून देऊ नका. घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेली पाहिजे, म्हणजे पुणं ओलांडता ओलांडता. तिला मागच्या सीटवर नको, पुढच्या बाजूला, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, आणि मोबाईल हातात देऊ नका. त्याआधी दही-धपाटं नको, कोरडी पोळी किंवा चुरमुरे चालतील. प्लॅस्टिकच्या पिशव्या डिकीत ठेवू नका, सीटच्या खिशात ठेवा.

आईंच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा आणि डॉक्टरांचा कागद खांद्याच्या पिशवीत घ्या. मोठी बॅग गाडीत राहते, आणि पार्किंग गेटपासून लांब असतं.